भांडायला एक भाऊबंद

रत्नागिरीत मला पहिली नोकरी लागली तेव्हा खोली शोधत मी एका घरी गेले. घरमालकांनी आधार कार्ड मागितलं नाही. लग्न झालंय का, मच्छी शिजवणार का, रात्री किती वाजता परत येणार, यातलं काहीच विचारलं नाही. म्हणाले, "वडिलांच्या बाजूची पाच नावं सांगा. वडील, आजोबा, पणजोबा, असं वर वर जायचं."

मी दोन सांगितली आणि थांबले.

"पणजोबा?"

"माहीत नाही. त्यांनीही माझं नाव कधी विचारलं नव्हतं."

ते हसले नाहीत. खिशातली वही काढून त्यात काहीतरी टिपलं आणि म्हणाले, "तिसरं नाव दिवाळीपर्यंत आणा. खोली तुमची."

मी बी.कॉम. झालेली आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगायचे, आजही सांगते. आमच्या घराण्याचा इतिहास माझ्यापासून सुरू होतो असं तेव्हा मला खरोखर वाटायचं. त्यामुळे भिंतीवर खापरपणजोबा लावून बसलेल्या माणसाचं मला कौतुक वाटण्याचा प्रश्न नव्हता.

खापरपणजोबा भिंतीवर होते हे मी उगाच म्हणत नाही. घरमालकांना मी काका म्हणायचे. त्यांच्या घराच्या बोळात या टोकापासून त्या टोकापर्यंत त्यांची वंशावळ टांगलेली होती. जुन्या मोजणीच्या नकाशांच्या कोऱ्या बाजूंवर काढलेली, एकाला एक चिकटवत नेलेली. ते मोजणी खात्यात होते, तिथूनच निवृत्त झालेले. पावसाळ्यात कागद दमट होऊन पोटं काढायचा. मग श्रावणात एखाद्या कोरड्या दुपारी काका टेबलावर चादर अंथरून वंशावळीला इस्त्री करायला बसायचे. एकदा फोन आला म्हणून उठले आणि एका पूर्वजावर तपकिरी डाग पडला. दोन दिवस त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं.

त्यांचा आवडता शब्द म्हणजे 'पुरावा'. दारावर मासळी घेऊन येणारी मावशी म्हणायची, बांगडा ताजा आहे. काका म्हणायचे, "पुरावा?" ती कल्ला उचलून लाल रंग दाखवायची आणि म्हणायची, "ह्यो बघा, सही-शिक्क्यासकट." हा खेळ रोजचा. मला वाटतं दिवसभरात त्यांच्याशी मनमोकळं बोलणारी तेवढी एकच होती.

इंटरनेटवर वंशावळी जोडायच्या ज्या साइट असतात, तिथेही त्यांचं हेच. त्या झाडात कोणीही येऊन फांदी लावू शकतो. नागपूरकडच्या कोणी एका गृहस्थाने आपलं झाड काकांच्या झाडाला जोडलं आणि वर थेट एक ऋषी बसवले. काकांनी विचारलं, पुरावा? त्याने लिहिलं, श्रद्धा. काकांनी ऋषी काढून टाकले. दुसऱ्या दिवशी ऋषी परत हजर. असं पंधरा दिवस चाललं. मी ऑफिसातून आले की ते बोळातूनच सांगायचे, आज काढले, आज परत आले. शेवटी काकांनी हात जोडले, पण झाडात ऋषींच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकूनच.

याच्या पुढची पायरी म्हणजे वाय डीएनए. त्यासाठी कुरिअरने किट यायचं. त्यात कापूस लावलेल्या दोन काड्या. गालाच्या आतल्या बाजूला घासायच्या, नळीत बंद करायच्या, लॅबला पाठवायच्या. मग लॅब सांगते की बापाच्या बाजूने तुमची मूळ फांदी कुठली. तिला ते हॅप्लोग्रुप म्हणतात. काकांची फांदी 'एल' निघाली. ते म्हणायचे की या बाबतीत पश्चिम किनारा एल लोकांनी भरलेला आहे, त्यामुळे एल असणं म्हणजे काही नातं नव्हे. नातं बघायचं तर त्याच्या पुढचे बारीक आकडे जुळावे लागतात. परदेशातल्या एका दातांच्या डॉक्टरचे आकडे त्यांच्याशी थोडेफार जुळले होते. काका म्हणायचे, "हा माझा भाऊबंद. फक्त काही हजार वर्षांपूर्वीचा." त्याला त्यांनी आंबापोळी पाठवली. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं. ते त्यांनी मला वाचून दाखवलं, मग मावशीला मराठीत समजावून सांगितलं.

हे सगळं कशासाठी, ते त्यांनी मला एकदाच नीट सांगितलं. लाइट गेली होती, पडवीत बसलो होतो. आयुष्यभर त्यांनी भाऊबंदांच्या जमिनी मोजल्या. एका गावात बांधावरच्या फणसावरून दोन चुलत घरं तीन पिढ्या भांडत होती. यांनी मोजलं तर रेघ बरोबर बुंध्यातून गेली. दोन्ही घरांनी मिळून यांना शिव्या घातल्या.

"आणि त्याच वर्षी त्यातल्या एकाचा म्हातारा गेला," काका म्हणाले, "तर दुसऱ्या घराने दहा दिवस सुतक पाळलं. चूल थंड. बोलणं नाही, पण सुतक आहे. मला बांधावरून भांडायला जगात एक माणूस नाही गो."

त्यांचे वडील एकटे, आजोबा एकटे, आणि यांनी लग्नच केलं नाही. एक बहीण होती, तीही वारलेली. तिची मुलगी पुण्याला. म्हणजे बापाच्या बाजूने रेघ यांच्यापाशी संपत होती. वर कुठे दुसरी फांदी जिवंत आहे का, हे त्यांना मरायच्या आधी बघायचं होतं. तेवढंच होतं ते सगळं.

वंशावळीत वरच्या बाजूला दोन भाऊ होते. धाकट्यापासून काकांचं घराणं. थोरल्याच्या नावाखाली एका जुन्या कागदावरून उतरवलेलं, 'गलबतावर गेला, परत आला नाही.' त्याच्या खाली कोरी जागा.

आता माझी गोष्ट. काकांचं आणि माझं आडनाव एकच. गावावरून पडलेलं. त्या गावचे असे शेकडो लोक आहेत, त्यामुळे मी त्याकडे लक्ष दिलं नव्हतं. आम्ही आरे-वारेच्या बाजूच्या एका वाडीतले. आडनावाच्या त्या गावात आमचं ना घर, ना देव, ना जमीन. मग आडनाव कुठून आलं? तर बाबा सांगायचे की आमचा मूळ पुरुष वादळात फुटलेल्या गलबतातून फळीला धरून किनाऱ्याला लागला. इथल्यांनी गाव विचारलं, त्याने सांगितलं, तेच आडनाव झालं. त्याला परत जायला तोंड नव्हतं की पैसा नव्हता कोण जाणे. इथलीच मुलगी करून इथेच राहिला.

हे मी काकांना कपडे वाळत घालताना सहज सांगितलं. दिवाळीपर्यंत पणजोबांचं नाव आणायचं होतं ना, ते सांगता सांगता. काका पायरीवर बसले. मग म्हणाले, "पुरावा नाही हा. गोष्ट आहे. पण गोष्ट चांगली आहे."

दुसऱ्या दिवसापासून ते मला "काय भाऊबंद?" अशी हाक मारू लागले आणि अहो-जाहो सोडून अगो-तुगोवर आले. आठवड्याने माझ्या दाराच्या फटीतून एक कागद आत आला. मोजणीची नोटीस असते तशी, हाताने लिहिलेली. 'तरी आपले वडिलांस गालाचे आतील नमुना देणेकामी पंधरा दिवसांचे आत समक्ष हजर करावे.' खाली सही. मी हसले. ते मात्र गंभीर होते. दुसऱ्याच्या जमिनीत नोटिशीशिवाय मोजणीची साखळी टाकायची नाही, हा त्यांचा नियम. बाबांना ते स्वतः जाऊन भेटणार नव्हते. मीच आणायला हवं होतं.

आणि मला आणायचं नव्हतं.

कारण सरळ आहे, लपवत नाही. खोली घेताना मी सांगितलं होतं की वडिलांचा बोटीचा व्यवसाय आहे. कॉलेजातही हेच सांगायचे. बाबा मिरकरवाड्याला दुसऱ्याच्या ट्रॉलरवर तांडेल होते. बोट ते चालवायचे, मालक दुसरा. जेटी माझ्या खोलीपासून रिक्षाने दहा मिनिटं. तोवर मी त्यांना एकदाही खोलीवर आणलं नव्हतं. ते विचारायचे, "तुझ्या घरमालकास सुरमय नेऊन देव काय?" मी म्हणायचे, ते मासे खात नाहीत. खात होते. रोज खात होते. पण पुढचे दात नसलेले, अंगाला डिझेल आणि मासळीचा वास येणारे बाबा त्या स्वच्छ पडवीत तोंड उघडून बसलेत, आणि काका त्यांच्या तोंडात काडी घालतायत, हे चित्र मला सोसत नव्हतं.

पंधरा दिवस गेले, महिना गेला. काका रोज विचारायचे नाहीत, पण दार उघडलं की बघायचे. शेवटी मी म्हटलं, किट द्या, मी जेटीवर जाऊन नमुना घेऊन येते. त्यांनी मला दोनदा समजावलं. तासभर आधी तंबाखू नाही, चहा नाही, नीट मिनिटभर घासायचं.

रविवारी मी दार लावून खाटेवर बसले आणि काडी माझ्याच गालात फिरवली.

मी फसवत होते, पण माझ्या हिशेबी फार नव्हते. बाबांचीच मुलगी मी. त्यांचं रक्त तेच माझं. लॅबला काय कळतंय? काकांनी मला आधी समजावलं नव्हतं असं नाही. ते म्हणाले होते, "वाय फक्त बापाकडून मुलाला जातो. तुला वडिलांचं सगळं मिळालं असेल, ही एक वस्तू सोडून." पण मी ते टोमण्यासारखं ऐकलं. त्यांच्या वंशावळीत मुली म्हणजे बारीक वर्तुळं, खाली रेघ नाही. त्यावरून आमचं वाजलं होतं.

"म्हणजे मी मोजणीतच नाही?" मी विचारलं होतं.

"लॅबच्या मोजणीत नाहीस."

"मग तुमची लॅब अर्धंच मोजते."

"अर्धंच मोजते," ते म्हणाले होते. "पण मला जे कळायला हवं ते त्याच अर्ध्यात आहे. काय करू?"

त्यानंतर वाय हा शब्द आला की मी ऐकणंच बंद करायचे. शिकलेल्या माणसाचा हा एक रोग असतो, कुठलं ऐकायचं नाही हे तो स्वतः ठरवतो. विज्ञानाला गेलेल्या कुठल्याही पोरीने ही चूक केली नसती. मी डेबिट-क्रेडिटवाली.

नमुना गेला. दीड-दोन महिने काका पोस्टमनला, कुरिअरवाल्याला, मोबाइलला धरून होते. एका संध्याकाळी ते माझ्या दारात आले. चष्मा हातात होता. म्हणाले, "नमुना बाद झाला. वाटेत गरम झाला असेल. होतं असं."

मी म्हटलं, अरेरे.

"दुसरं किट मागवून ठेवतो. वडिलांना सवड झाली की बघू. घाई नाही."

त्यांनी ते मागवलं आणि देवाच्या फळीवर ठेवलं. पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की विचारायचे, आता सवड असेल ना? मी म्हणायचे, जाळी दुरुस्त करतायत. गणपतीत विचारायचे. मी म्हणायचे, घरी गेलेत. असे दोन पावसाळे गेले. या दोन वर्षांत ते कधी आवाज चढवून बोलले नाहीत. पोळीभाजी जास्त झाली की माझ्या दाराशी झाकून ठेवायचे, पूर्वीसारखंच.

बाबा गेले ते जेटीवर. माल उतरवताना छातीत कळ आली, मासळीच्या टपावरच बसले, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. वय साठही नव्हतं. आम्ही दोघी बहिणी, मुलगा नाही. बाबा एकटे, त्यांचे वडीलही एकटे.

वाडीत अंगणात तयारी चालली होती तेव्हा काका कुंपणाशी दिसले. कोणाकडून कळलं माहीत नाही. हातात कापडी पिशवी होती. तीच पिशवी, जिच्यातून ते नमुने कुरिअरला न्यायचे. ती बघितली आणि माझं डोकं फिरलं. मी तशीच उठून गेले. सगळ्या बायका बघत होत्या, मामा बघत होता.

मी म्हटलं, "कशाला आलात? माझ्या बापाच्या तोंडात आता तरी काही घालू नका."

काकांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. बाजूला सरकून उभे राहिले. तिरडी उचलल्यावर सगळ्यांच्या मागून ते चालत गेले, एवढं मी लांबून बघितलं आणि मला त्याचाही राग आला.

आठव्या दिवशी मामाला आणि एका टेम्पोला घेऊन मी खोली रिकामी करायला गेले. काका पडवीत जमिनीवर चटई टाकून बसले होते. दाढी वाढली होती. रोज सातच्या ठोक्याला दाढी करणारा माणूस. मला वाटलं, आजारी असतील. विचारलं नाही. ते उठून उभे राहिले, माझी खाट दारातून तिरकी होईना तर पुढे होऊन धरायला आले. मी म्हटलं, राहू द्या. मामा वाटेत म्हणाला की मसणात म्हातारा शेवटपर्यंत थांबला, लाकूड घातलं, समुद्रात बुडी मारली, पिशवीतलं कोरडं धोतर काढून नेसला आणि एसटीला गेला. तुझ्या हापिसातला काय गो? मी म्हटलं, घरमालक. मामा म्हणाला, बरा माणूस. मी टेम्पोच्या काचेतून बाहेर बघत बसले. पिशवीत धोतर होतं. तिथूनच टेम्पो मागे वळवायला हवा होता. नाही वळवला. आपण चूक होतो हे मान्य करायला चार माणसांत ओरडण्यापेक्षा जास्त ताकद लागते, आणि ती माझ्याकडे नव्हती. पदवीने ती मिळत नाही.

त्यानंतर एकदाच दिसले. एसटी स्टँडवर, रस्त्याच्या पलीकडे. हात वर केला. मी रिक्षात बसले.

मागच्या वर्षी त्यांच्या भाचीचा फोन आला. काकांना जाऊन महिना झाला होता. कपाटात तुमच्या नावाचं पाकीट आहे, येऊन घेऊन जा, म्हणाली. मी गेले. पाकिटात लॅबचा कागद होता, तेव्हाचाच. इंग्रजीत लिहिलेलं. नमुन्यात वाय आढळला नाही. नमुना स्त्रीचा असावा, योग्य व्यक्तीचा पाठवावा. त्याला टाचणीने चिठ्ठी लावलेली, काकांच्या अक्षरात, 'हे कोणाला दाखवलेले नाही.'

तो माणूस दुसऱ्याच्या झाडातले ऋषी पंधरा दिवस काढत बसला होता. माझा खोटा नमुना त्याने हातात घेतला आणि म्हणाला, वाटेत गरम झाला असेल.

भाची बोळातले कागद काढत होती. हवेत का, विचारलं. मी थोरल्या भावापाशी गेले. 'परत आला नाही.' खाली जागा कोरीच. मला वाटलं होतं, बाबांचं नाव लिहिलं असेल, निदान बारीक. नव्हतं. जे सिद्ध झालं नाही ते त्यांनी लिहिलं नाही. आता कोणी लिहूही शकत नव्हतं. तो धागा जगात एका माणसाच्या गालात होता, आणि जेटीवरून खोलीपर्यंत दहा मिनिटांचं अंतर मी त्याला कापू दिलं नाही. बाबांना विचारलं असतं तर ते खुशीत तोंड उघडून बसले असते. वर गलबताची गोष्ट सांगितली असती, दोनदा.

फाटकात मासळीवाली मावशी भेटली. काका गेल्यावरही ती त्या घरावरून जायची. तिने मला ओळखलं.

"तू सोडून गेलीस ना गो, तवा धा दिस म्हावरं घेतलान नाय," ती म्हणाली. "देवाला फूल नाय, दाढी नाय. मी बोल्लं, कोन गेलं? तर बोलले, माझा भाऊस गेला. मी बोल्लं, तुमास्नी भाऊस कुठला? तर उठून आत गेले."

मी विचारलं, "पुरावा मागितलास का?" ती म्हणाली, "माणूस रडत व्हता गो. पुरावा कसला मागू?"

घरी येऊन मी आईला सगळं सांगितलं. काडीचंसुद्धा. ती जाळ्याची सुतळी गुंडाळत होती, तिचे हात थांबले नाहीत. तिने एवढंच विचारलं, "आपले कोन लागत व्हते ते?"

"माहीत नाही. कळलं असतं."

"सुतक धरायचं तर धा दिस कधीच गेले. एवढ्या उशिरा कळलं तर नुस्ती आंगोळ करतात. डोक्यावरून."

मी सकाळी केली. कामावर जायचं होतं, केस वाळले नाहीत, तसेच बांधून गेले. ऑफिसात शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, आज मंगळवारी डोक्यावरून कशी काय? मी म्हटलं, घरात गेलं कोणीतरी.

"अगो बाई. कोण?"

"चुलते," मी म्हटलं.